तळातलं घट्ट

आमच्या घरात पितळेचं एक पुरणयंत्र आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कार्तिकीला पंढरपूरला गेलो होतो, तेव्हा मालकिणीनं हट्टानं घेतलेलं. त्याच्या आधी आमच्याकडं पुरण पाट्यावरच वाटायचे. होळी, बेंदूर आणि गौरी, एवढ्या तीन सणांना ते यंत्र माळ्यावरून खाली यायचं. चिंचेनं घासून लखलखीत व्हायचं आणि काम झालं की फडक्यात गुंडाळून पुन्हा वर जायचं. गेल्या पावसाळ्यापासून मात्र ते वर गेलेलंच नाही. सकाळी साडेआठ वाजले की त्याची मूठ फिरते. आणि फिरवणारा मी असतो.

शेजारचा एक जण येता-जाता विचारतो, "काय आबा, तुमच्यात रोजच होळी काय?"

मी हसतो. पण हे यंत्र खाली का आलं, ती गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. म्हणून लिहून ठेवतो.

मी सांगोला तालुक्यातला शेतकरी. वय चौसष्ट. दहावीपर्यंत शिकलो, पुढं ज्वारी, करडई आणि अलीकडं थोडी डाळिंबं, यातच जन्म गेला. चुलीपाशी जाण्याचं कधी काम पडलं नाही. चहा तेवढा करता यायचा. २०२१ साली मालकीण गेली आणि घरातली अर्धी कामं अनाथ झाली. सून तालुक्याच्या गावाला एका खाजगी शाळेत शिकवायला जाते. नात झाली, तिची बाळंतपणाची रजा संपली, तेव्हा नात सहा महिन्यांची होती. मुलगा दिवसभर डाळिंबाच्या बागेत. मग लेकराजवळ कोण थांबणार? मीच. सून सकाळी जाताना अंगावर पाजून जायची, दुपारी दोनला आली की पुन्हा घ्यायची. मधले पाच-सहा तास माझे.

सहा महिन्यांपर्यंत लेकराला आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. त्यानंतर दूध चालू ठेवून वरचं खाणं सुरू करायचं. हे सुनेनं मला समजावून सांगितलं होतं. "मामा, मऊ पण घट्ट भरवा. भाजी, डाळ शिजवून गरगटून द्या," असं बजावूनच गेली ती. मी मान हलवली. पण मनात म्हटलं, एवढ्याशा जिवाला घट्ट कसं उतरंल? घशात अडकलं तर घरात दुसरं माणूस नाही. म्हणून मी मुगाच्या वरणावरचं निवळ पाणी वाटीत काढायचो आणि ते चमच्यानं पाजायचो. पोरगी मटामट प्यायची. वाटी संपली की डोळे मिटायची. सून आली की मी सांगायचो, "वाटीभर खाल्लं बरं का." खोटं बोलत नव्हतो. वाटीभरच होतं.

असे दोन महिने गेले. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं. सहाव्या महिन्यात पोरीचं वजन सहा किलो चारशे होतं. आठव्या महिन्यात सहा किलो पाचशे. दोन महिन्यांत शंभर ग्रॅम. कार्डावरच्या तक्त्यात रंगांचे पट्टे असतात. आमचा ठिपका हिरव्या पट्ट्याच्या खालच्या काठाला येऊन टेकला होता. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या ताई घरी आल्या.

"आबा, काय देताय बाळाला?"

मी वाटी दाखवली. त्यांनी चमचा भरून घेतला आणि माझ्यासमोर तिरका केला. सगळं पाणी धारेनं खाली.

"बघा. चमचा कलता केला तरी पदार्थ चमच्यात राहिला पाहिजे. हे तर वाहून गेलं. पाण्यानं पोट तट्ट फुगतं, लेकरू झोपतं, आपल्याला वाटतं जेवलं. पण पोट भरलं म्हणजे अंग भरलं, असं नसतं. डाळ तर सगळी तळालाच राहिली. ती कोण खातं?"

मी बोललो नाही. ती डाळ मी खात होतो. दुपारी भाकरीबरोबर, वरून तेल-चटणी घालून.

ताई आणखी बरंच काही सांगत होत्या. माझं लक्ष नव्हतं. मला बावन्न वर्षांपूर्वीचं एक गाडगं दिसत होतं.

१९७२ ला पाऊस आलाच नाही. आमच्या माणदेशाला दुष्काळ नवा नाही, पण त्या सालानं विहिरींचे तळ दाखवले. दावणीची जनावरं गेली. माणसं दुष्काळी कामावर गेली. कुठं पाझर तलावाची माती, कुठं रस्त्याची खडी. रेशनवर परदेशातनं आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची आणि गार झाली की चामड्यागत व्हायची. आई खडी फोडायला बसायची, दादा मातीच्या पाट्या उचलायचे. मी पाचवीत होतो. शाळा सुटली आणि माझ्याकडं बाळ्या आला. बाळ्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. बहात्तरच्या आषाढातला.

कामाच्या जागेपासून थोडं लांब एक बाभळ होती. तिला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली. झोळीत बाळ्या, बुडाशी मी आणि माझ्याजवळ एक गाडगं. आई पहाटे जात्यावर मिलो भरडायची, त्याच्या कण्या शिजवायची आणि पाणी घालून त्या वाढवायची. उपाशी पोटी खडी फोडून तिचं दूध आटत चाललं होतं. म्हणून बाळ्याला त्या कण्या. गाडगं तासभर सावलीत राहिलं की कण्या तळाला बसायच्या आणि वर पांढुरकं पाणी यायचं. आई रोज सांगून जायची, "हालवून पाज रं त्येला."

मी हलवत नव्हतो. वरचं पाणी वाटीनं काढून बाळ्याला पाजायचो. तो गटागटा प्यायचा आणि झोपायचा. मग मी गाडग्यात हात घालून तळातल्या कण्या खायचो. बोटं चाटायचो, गाडग्याची आतली बाजू बोटानं निपटायचो. रोज. ही चोरी आहे असं तेव्हा वाटलंही नाही. मला भूक होती. आणि तो झोपला म्हणजे त्याचं पोट भरलं, असा माझा साधा हिशेब होता.

वैशाखात त्याला जुलाब लागले. प्यायचं पाणी गढूळ, दवाखाना लांब. दोन दिवस टिकला. दहा महिन्यांचा झाला होता. आमच्या कामावर सुकडी मिळू लागली, तोवर बाळ्याची झोळी सुटली होती.

त्या उन्हाळ्यात आमच्या वाडीतली आणखी दोन लेकरं तशीच गेली. बाळ्या माझ्यामुळं गेला, असं मी म्हणत नाही. तेवढं ठरवण्याइतकं मला कळत नाही. पण अंगात काही नसलेल्या लेकराला जुलाब पेलत नाहीत, एवढं आता कळतं. आणि त्याच्या अंगात जे जायला पाहिजे होतं, ते कुठं गेलं हे तर मला पहिल्यापासूनच माहीत होतं.

ताई गेल्यावर मी बराच वेळ पोरीकडं बघत बसलो. माझी भूक तर कधीच संपली होती. डाळीचा दुष्काळ नव्हता. आता मी भुकेपोटी नाही, भीतीपोटी तेच केलं होतं. वरचं पाणी लेकराला आणि तळातलं घट्ट मला.

संध्याकाळी सुनेला सांगितलं. बाळ्याचं नाही, वरणाचं. "सूनबाई, दोन महिने मी तिला नुसतं पाणीच पाजलंय."

तिनं माझ्याकडं बघितलं. काही बोलली नाही. रात्री ताट वाढलं, भाकरी गरम दिली, पण एक शब्द बोलली नाही. तिचा राग खरा होता. मी खाली मान घालून जेवलो. भांडी घासून झाल्यावर म्हणाली, "मामा, उद्या रविवार आहे. उद्या माझ्यासमोर करा."

दुसऱ्या दिवशी मी माळवदावरून डांगर खाली आणलं. डांगर म्हणजे तांबडा भोपळा. आमच्याकडं त्याचा वेल उकिरड्याच्या कडेला लावतात. खत त्याला आपोआप मिळतं. पुरतं पिकलेलं, देठासकट काढलेलं आणि कुठं न खरचटलेलं डांगर कोरड्या जागेत महिनोन्‌महिने राहतं. एकदा कापलं मात्र की लवकर संपवावं लागतं. सुनेनं पाव किलोची फोड काढायला लावली. बी आणि आतले दोरे काढले, साल सोलली, लहान फोडी केल्या. मूठभर मुगाची डाळ धुऊन अर्धा तास भिजत घातली. कुकरमध्ये एका डब्यात डाळ आणि बेताचं पाणी, दुसऱ्या डब्यात डांगर.

"यात पाणी नको?" मी विचारलं.

"नको. डांगर आपलं पाणी आपणच सोडतं. आणि ते सुटलेलं पाणी ओतून द्यायचं नाही, त्यातच कालवायचं."

चार शिट्ट्या झाल्या. झाकण काढलं तर फोडी बोटानं दबत होत्या. तिनं मिक्सर पुढं ओढला. पण थोडकंच असल्यामुळं भांड्यात ते फिरेना. पातं नुसतंच घरघरायचं. ती पाणी ओतायला लागली आणि थांबली. पाणी घातलं की पुन्हा चमच्यातनं वाहणार. दोघं एकमेकांकडं बघायला लागलो.

तेव्हा मला माळ्यावरचं यंत्र आठवलं.

शिडी लावून ते खाली काढलं, चिंचेनं घासलं, उकळत्या पाण्यातनं काढलं. बारीक जाळी बसवली. डाळ आणि डांगर एकत्र घालून मूठ फिरवली, तर दोरे वर राहिले आणि खाली पिवळंधमक, मऊसूत गरगट पडायला लागलं. पाण्याचा थेंब घातला नव्हता. सुनेनं अर्धा चमचा तूप घातलं. तूप चवीपुरतंच नसतं म्हणाली. डांगरात, गाजरात जे डोळ्यांना चांगलं सत्त्व असतं, ते स्निग्धाबरोबर अंगी लागतं. मीठ नाही, गूळ नाही, साखर नाही. वर्षाचं होईपर्यंत यातलं काही लागत नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबातच द्यायचा नाही. आमच्या वेळी जन्मल्याबरोबर मध चाटवायचे. ती चूकच होती.

मी चमचा भरला आणि तिरका केला. गरगट चमच्यातच राहिलं. सून पहिल्यांदा हसली.

पोरीनं पहिला घास जिभेनं बाहेर ढकलला. दुसरा पण. मी घाबरलो, "बघ, उतरत नाही तिला." सून म्हणाली, "मामा, थुंकत नाही ती, शिकतेय. आत्तापर्यंत तिनं प्यायलंच आहे की सगळं." तिसऱ्या घासाला तोंड मिटलं. चौथ्याला तिनं स्वतःच तोंड उघडलं. दोन-तीन चमचेच खाल्ले त्या दिवशी. मग मान फिरवली. मान फिरवली की थांबायचं, जबरदस्ती करायची नाही, हाही धडा त्याच दिवशीचा.

तेव्हापासून माझी रीत ठरून गेली. आधी साबणानं हात. नवी भाजी असली तर तीन दिवस तीच. डांगर झालं की गाजर, गाजर झालं की दुधी. म्हणजे अंगावर पुरळ आलं किंवा पोट बिघडलं तर कशानं, ते कळतं. बटाटा मिक्सरमधनं काढायचा नाही, त्याची खळ होते. तो हातानं किंवा यंत्रातनं. रोजचं रोज शिजवायचं. वाटीत उष्टं उरलं तर ते दुपारसाठी ठेवायचं नाही. पंधरा दिवसांनी बारीक जाळी काढून जाड जाळी बसवली, आणि पुढं यंत्र सोडून नुसतं रवीनं घोटायला लागलो. कायम गुळगुळीतच देत राहिलं तर लेकरू चावायला शिकत नाही. दहाव्या महिन्यात ती मऊ गाजराचा तुकडा स्वतःच्या मुठीत धरून खायला लागली. तेव्हा मी समोरून हलायचो नाही.

आणि या सगळ्यातनं एक गोष्ट झाली. आमचंही जेवण सुधारलं. लेकरासाठी पाव किलो आणि आमच्यासाठी वेगळी भाजी, असे दोन संसार कोण करणार? मी डांगराची मोठी फोड घ्यायला लागलो. सगळं एकत्र शिजवायचं, गरगटायचं, तिची वाटी आधी काढायची. मग राहिलेल्यात आमचं. तेलात मोहरी-जिरं, ठेचलेला लसूण, दोन सुक्या मिरच्या, हिंग, मीठ. चर्रकन फोडणी वर ओतली की घरभर वास. ज्वारीच्या भाकरीबरोबर याच्यासारखं दुसरं कालवण नाही.

आमच्या भागात हे गरगट्टं जुनंच आहे. पालक, चुका, चाकवत, मिळेल तो पाला, तुरीची नाहीतर हरभऱ्याची डाळ, मूठभर शेंगदाणे, सगळं शिजवून रवीनं घोटायचं. आया-बायांनी ते शेकडो वेळा केलंय. शेंगदाणे मात्र मी लेकराची वाटी काढल्यावर घालतो, अख्खा दाणा तिच्या घशाला धोक्याचा. डांगर जास्त झालं तर संध्याकाळी सून त्यात गूळ आणि कणीक घालून घारगे करते. म्हणजे तेच गरगट सकाळी नातीचं, दुपारी माझं आणि संध्याकाळी सगळ्यांचं.

फक्त क्रम चुकू द्यायचा नाही. आमच्या जुन्या घरात आधी पुरुषांची पंगत, मग पोरं, मग उरलंसुरलं बायकांना. तान्ह्याचा वाटा कुठल्याच पंगतीत नसायचा; पातेल्यात पाणी घालून तो निघायचा. मिठाच्या आधी, मिरचीच्या आधी आणि माझ्या ताटाच्या आधी आता तिची वाटी निघते. तीही वरची नाही. पळी तळापर्यंत घालून.

नवव्या महिन्यात वजन सहा किलो नऊशे झालं. वाढदिवसाच्या महिन्यात सात किलो नऊशे. ठिपका हिरव्यात वर सरकला. ताईंनी कार्ड माझ्या हातात दिलं. मी चष्मा लावून बराच वेळ ती रेघ बघितली.

एक गोष्ट राहिली.

माझा मुलगा असाच सात-आठ महिन्यांचा असताना आई त्याला पाट्यावर वाटलेलं डांगर भरवत बसली होती. मी रानातनं आलो होतो. तिच्या मांडीवरचं लेकरू आणि शेजारची वाटी बघून मला राहवलं नाही. वीस वर्षं पोटात ठेवलेलं बोलून गेलो. "आई, बाळ्याच्या कण्या मी खायचो. त्याला नुसतं पाणी पाजायचो."

आईनं हातातला घास आधी नातवाच्या तोंडात घातला. मग म्हणाली, "म्हाईत हाय मला."

मी बघतच राहिलो.

"गाडगं आतनं घासल्यागत यायचं. बाळ्या काय हात घालून खाणारा हुता व्हय?" थोडा वेळ गप्प राहिली. "एक मूठ जादाच टाकत हुते मी त्यात. तुजी."

पुढं ती काही बोलली नाही. मीही काही विचारलं नाही. पण मी शेतकरी माणूस, हिशेब सुटत नाही. रेशनचं धान्य मोजून मिळायचं. त्या सालात जादा मूठ कुठनं आली असेल? तिनं स्वतःच्या भाकरीतली काढली असेल, नाहीतर माझा चेहरा बघून त्या क्षणी रचली असेल. २००९ साली ती गेली. आता विचारायलाही कोणी नाही.

सुनेला हे सगळं मागच्या महिन्यात सांगितलं. नात शेजारी बसून भाकरीचा कुस्करा चिवडत होती. सून ऐकत राहिली. मग उठून तिनं माझ्या ताटात पळीभर गरगट्टं वाढलं आणि म्हणाली, "मामा, जेवा. तिचं झालंय."

नात आता आमच्याबरोबरच जेवते, तिला जाळी लागत नाही. पण आमच्यासाठी यंत्र फिरतंच. फिरवून झालं की जाळीला खालून थोडं गरगट चिकटून राहतं. पूर्वी सणाला पुरण झालं की ते बोटानं निपटून खायचा मान माझा असायचा. आता मी ते चमच्यानं काढतो आणि नातीच्या वाटीत टाकतो. दोन चमचे निघतं.